नळाचं पाणी, ओटी टेस्ट आणि रजिस्टरमधला ०.५

ओढ्यापलीकडे

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. नदीकाठची विहीर, तिथून मोटारीनं पाणी उंच टाकीत, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, मग तीन आळ्यांना नळ. सकाळी तासभर पाणी येतं. पहिल्या पावसानंतर खालच्या आळीत जुलाब-उलट्यांचे पेशंट निघाले, बहुतेक लहान पोरं आणि म्हातारी माणसं. वरच्या आळीत कुणालाच काही नाही. उपकेंद्रातल्या सिस्टर आणि आशाताई घरोघर फिरल्या, मेडिक्लोरच्या (क्लोरीनच्या थेंबांच्या) बाटल्या वाटल्या, साथ आटोक्यात आली. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार रजिस्टरबद्दल आहे. ग्रामपंचायतीत ओटी टेस्टचं रजिस्टर मागून पाहिलं (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो). साथीच्या आठवड्यातही क्लोरीन रोज ०.५, एका हातानं, एका शाईत, एका दमात लिहिल्यासारखं. मग हायस्कूलच्या सरांकडून किट आणून स्वतःच बघितलं. टाकीखालच्या नळाला थेंब टाकले की पाणी पिवळंधमक. खालच्या आळीतल्या अगदी शेवटच्या घरी, नळ सुटल्या सुटल्या धरलेल्या पाण्यात थेंब टाकले, नळी हलवली, उजेडात धरली. काही नाही. पाणी होतं तसंच.

सरपंच म्हणतात, टाकीवर क्लोरीन आहे ना, मग पाणी एकच की. जाणकारांनी सांगावं: मोजायचं कुठं, नियम काय, आणि पुढं कुणाचं दार वाजवायचं?

टवाळ

रजिस्टरमध्ये ०.५ आहे ना? मग रजिस्टरच उकळून प्या.

नमुना_बाटली

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

टाकीवर क्लोरीन दिसणं म्हणजे पावडर टाकली एवढंच कळलं. लोक टाकीखाली पाणी पीत नाहीत, घरी पितात. क्लोरीनचा स्वभाव असा की वाटेत घाण भेटली की ते तिच्यावर खर्च होतं. म्हणून आपण 'उरलेलं' क्लोरीन मोजतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) नुसार ते किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं, आणि ते लाइनीच्या शेवटच्या टोकाला. टाकीला ०.५ आणि टोकाला ०.२ असेल तर ठीक चाललंय. टाकीला पिवळंधमक आणि टोकाला शून्य याचा अर्थ वाटेत काहीतरी आत शिरतंय. पेशंटही फक्त खालच्या आळीत. मी असतो तर आधी त्या आळीची लाइन चालत बघितली असती. गटार कुठं ओलांडते, वॉल्व्हचा चेंबर पाण्यानं भरलेला असतो का, कुणी घरगुती कनेक्शन घेताना भोक पाडून नुसती चिंधी गुंडाळली आहे का.

तासभर पाणी आणि तेवीस तास रिकामी लाइन, ही आपल्याकडची खरी अडचण. पाणी बंद झालं की पाइपात दाब राहत नाही. उताराच्या टोकाला पाणी ओसरताना आत पोकळी होते आणि फुटक्या जोडातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. सकाळी नळ सुटला की पहिल्यांदा तेच येतं. त्यात लोक नळाला थेट मोटार लावतात, म्हणजे ओढायला आणखी जोर. म्हणून त्या शेवटच्या घरी दोनदा तपासा: नळ सुटल्या सुटल्या, आणि पाणी जायच्या थोडं आधी. पहिल्याला शून्य आणि नंतर रंग आला तर गळतीच शोधा. दोन्ही वेळा शून्य असेल तर लाइन मोठ्या प्रमाणात घाण खातेय, नाहीतर त्या दिवशी टाकीतच कमी पडलं होतं.

ओटीबद्दल आणखी एक. थेंब टाकल्या टाकल्या, पहिल्या काही सेकंदांत जो रंग येतो तो मोकळ्या क्लोरीनचा. नळी हातात धरून गप्पा मारत बसलं की रंग गडद होत जातो, कारण अमोनियाशी वगैरे बांधलं गेलेलं क्लोरीनही हळूहळू रंग देतं, आणि ते जंतू मारण्यात फारच मंद. बरेच जण 'अजून चढू दे' म्हणून थांबतात आणि चढलेला आकडा लिहितात. आणि ते द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी लांब ओतायचं, हात धुवायचे.

चावीवाला_कोल्हापूर

मी स्वतः जलसुरक्षक आहे, म्हणजे गावचं पाणी सोडणारा आणि तपासणारा, दुसऱ्या जिल्ह्यात. रजिस्टरवर सगळे हसणार हे माहीत होतं, म्हणून आमची बाजू सांगतो.

मानधन किती ते लिहीत नाही, लाज वाटेल. तेवढ्यात पहाटे मोटार, मग पावडर, मग तीन वॉल्व्ह फिरवायचे, मधेच कुणाचा फोन की आमच्याकडं पाणी आलं नाही. पाणी सुटलं त्या वेळी मी वॉल्व्हवर असतो, शेवटच्या घरी कधी जाणार? टाकीखाली तपासतो कारण त्या वेळी मी तिथंच असतो. आणि शून्य लिहिलं तर काय होतं ते ऐका. एकदा लिहिलं, तर वरून विचारणा मलाच, 'पावडर टाकली नाही काय?' गळतीचं कुणी विचारलं नाही. तेव्हापासून रजिस्टरला काय लिहायचं ते मला कळलं.

पावडरीचं पण सांगतो. पोतं नवं असतं तेव्हा वास नाकात जातो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, ओल आलेल्या भिंतीला, तोंड उघडं ठेवलेलं पोतं पावसाळ्यात गड्डे धरतं आणि वासच जातो. तीच पावडर तेवढीच टाकायची, उपयोग काय?

नमुना_बाटली

चावीवाले दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत. तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा.

ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. ते २० च्या खाली गेलं की ती पावडर वापरू नये. आमच्याकडे पाण्यासोबत टीसीएलचेही नमुने यायचे आणि पावसाळ्यात त्यातले बरेच नापास व्हायचे. नेहमीचा हिशोब हजार लिटरला ५ ग्रॅम. चांगली पावडर असेल तर यातून लिटरमागे साधारण दीड मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन मिळतं, २० टक्क्यांच्या पावडरीतून एकच. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर कोरडी टाकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत ओतायची आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचं. खूप ठिकाणी मोटार चालू असताना पावडर आणि लगेच वॉल्व्ह, असं चालतं. जंतू मरायला वेळच मिळत नाही.

आणि पाणी गढूळ असेल तर हा हिशोब कोलमडतो. सगळं क्लोरीन गाळावरच जातं, शिवाय गाळाच्या कणाआड जंतू लपतात. आधी तुरटी, निवळणं, गाळणं, मग क्लोरीन. गढूळपणाची मानकातली इष्ट मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत. पहिल्या पावसात नदीकाठच्या विहिरीचं पाणी कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

स्वप्ना_क

एवढा सगळा कुटाणा करण्यापेक्षा घरात आरओ बसवला की प्रश्न मिटला. आमच्याकडे सेल्समननं पाण्यात दोन दांड्या सोडून दाखवलं, नळाचं पाणी अक्षरशः तपकिरी झालं. आरओचं स्वच्छच राहिलं.

नमुना_बाटली

स्वप्नाताई, त्या दांड्यांपैकी एक लोखंडाची असते. क्षारांच्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, गंज सुटत नाही. त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा दांड्या सोडायला सांगा. सेल्समन बॅग आवरायला घेईल. टीडीएसच्या मीटरचंही तसंच: तो विरघळलेले क्षार सांगतो, जंतू सांगत नाही. नदीच्या गोड पाण्यात टीडीएस १५० असेल आणि त्यातच कावीळ असेल.

धायरीकर

आरओवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले ते सगळ्यांच्या लक्षात असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, इकडं आमची धायरी. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. त्यानंतर विहिरीचं पाणी, टँकर, सोसायट्यांच्या टाक्या सगळ्यांची तपासणी सुरू झाली आणि परिसरातले खासगी आरओ प्लांट सील केले गेले, ते जारवाले. लोक नळाच्या पाण्याला घाबरून ज्या जारकडं पळत होते, तेच.

यातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. म्हणजे कागदावर शहर, पण पाणी गावच्या विहिरीचं, शुद्धीकरण केंद्रातून न जाता नुसतं क्लोरीन मारून आलेलं. आमच्या सोसायटीत तेव्हापासून वॉचमन टँकर रिकामा व्हायच्या आधी नळी लावून तपासतो. क्लोरीन नसेल तर टँकर परत. पहिल्या आठवड्यात टँकरवाल्यानं आवाज चढवला होता. आता तो स्वतःच टाकून आणतो, कधी कधी जास्तच, आंघोळीला डोळे चुरचुरतात.

अनघा_स

क्लोरीन जास्त झालं तर कॅन्सर होतो असं वाचलं. मग हे रोज पोटात घालायचं का?

नमुना_बाटली

पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर क्लोरीनपासून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगं बनतात, हे खरं. त्यांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पण तो धोका वर्षानुवर्षांच्या हिशोबातला आणि लहान, आणि दूषित पाण्याचा धोका उद्या सकाळचा. जागतिक आरोग्य संघटनेचंही हेच म्हणणं: या संयुगांच्या भीतीनं निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका. वास फार वाटला तर पाणी भरून झाकून तासभर ठेवा, कमी होतो.

वऱ्हाडी_माणूस

तुमचं भांडण क्लोरीनचं, आमच्या इकडं प्रश्नच वेगळा आहे भाऊ. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अकोला-अमरावती-बुलढाणा. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम, नाइलाज असेल तर २०००; आमच्याकडचे कित्येक बोअर त्याच्याही पलीकडं. किडनीचे पेशंट गावोगावी आहेत. डॉक्टर लोक एकट्या पाण्यावर बोट ठेवत नाहीत, पण गावात विचाराल तर सगळे पाण्याचंच नाव घेतात. इथं आरओला पर्याय नाही हो, स्वप्नाताईंना एवढं झोडपू नका.

वान धरणाच्या पाण्यावरची योजना आली तिथं बायकांचा मोठा त्रास गेला. पण नळ रोज येत नाही, म्हणून लोक टाक्या, ड्रम, रांजण भरून ठेवतात. आता मले सांगा, आलं तेव्हा पाण्यात क्लोरीन होतं, तर आठ दिवसांनी रांजणात किती राहिलं?

नमुना_बाटली

उरत नाही. पहिल्या दिवशीच उडून जातं, त्यात तांब्या बुडवणारा हात. साठवलेल्या पाण्याला घरीच मेडिक्लोरचे थेंब टाका, किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं. आणि ओगराळं वापरा, किंवा खाली तोटी असलेलं भांडं.

क्षार, फ्लोराइड, नायट्रेट यांच्याबद्दल मात्र सगळ्यांनी लक्षात घ्या: उकळून ते जात नाहीत. पाणी आटतं आणि प्रमाण उलट वाढतं. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम, तिथं सूट नाही. शेतातल्या खताचं आणि गोठ्याचं, शोषखड्ड्याचं पाणी विहिरीत उतरलं की ते वाढतं, आणि वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वात मोठा. फ्लोराइड १, जास्तीत जास्त १.५. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडं पोरांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे दिसतात ते यामुळं. ही तपासणी ओटीच्या बाटलीत होत नाही, प्रयोगशाळेतच पाठवावं लागतं.

मीरा_मिशिगन

मी डेट्रॉइटजवळ राहते. 'मोजायचं कुठं' हा प्रश्न वाचून फ्लिंट आठवलं, इथून तासाभरावर. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवर वळवलं. नदीचं पाणी पाइप खाणारं, आणि त्याला आळा घालणारं रसायन टाकलंच नाही. घरोघरच्या जुन्या पाइपांमधलं शिसं पाण्यात उतरायला लागलं. गंमत अशी की सरकारी नमुने घेताना लोकांना सूचना होती, आदल्या रात्री नळ काही मिनिटं वाहता ठेवा. म्हणजे पाइपात साचलेलं शिसं आधीच वाहून गेलेलं. शेवटी २०१५ मध्ये रहिवाशांनीच व्हर्जिनिया टेकच्या प्रयोगशाळेच्या मदतीनं घरोघरचे नमुने गोळा केले, तेव्हा खरं बाहेर आलं, आणि ऑक्टोबरमध्ये पाणी परत डेट्रॉइटकडून घेतलं.

आम्हाला दर वर्षी पाणी पुरवणाऱ्याकडून अहवाल मिळतो: काय तपासलं, किती सापडलं, मर्यादा किती. बहुतेक लोक तो उघडूनही बघत नाहीत. मी फ्लिंटनंतर बघायला लागले.

टवाळ

म्हणजे रजिस्टर तिकडंही आहे. फक्त इंग्रजीत.

नमुना_बाटली

मीराताईंचं उदाहरण चपखल. शिशासाठी रात्रभर साचलेलं पहिलं पाणी घ्यायचं. जंतूंच्या नमुन्याला सर्वसाधारणपणे उलट: तोटी पुसून, तापवून, दोन-तीन मिनिटं पाणी सोडून मग घ्यायचं, कारण आपल्याला लाइनीतलं पाणी हवंय, तोटीवरची घाण नको. आणि ओढ्यापलीकडेंसारखी गळतीची शंका असेल तर पहिल्या पाण्याचा वेगळा नमुना घ्यायचा आणि तसं चिठ्ठीवर लिहायचं. काय शोधताय त्यावर नमुना ठरतो.

बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. निर्जंतुक असते आणि तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते पाण्यातलं क्लोरीन तिथल्या तिथं मारतं, नाहीतर येईपर्यंत बाटलीतच जंतू मरतात आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. लोक ती पावडर 'घाण' समजून बाटली विसळून घ्यायचे, आम्ही कपाळावर हात मारायचो. झाकणाची आतली बाजू धरू नका, वर थोडी जागा ठेवा, बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. मानक सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) एकही नको. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर गावानं ते पाणी पिऊन झालेलं असतं, म्हणून तर रोजचं क्लोरीन बघायचं.

दारं कुठली ते सांगतो. पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. ते विचारा. त्या सर्वेक्षणात गळती, वॉल्व्हचे खड्डे, पावडरीचा साठा हे सगळं बघायचं असतं. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटचं प्रशिक्षण द्यायचं आहे. तुमच्या गावात किट आलं असेल तर बहुधा कपाटात असेल. पैशाचं म्हणाल तर वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या निधीतला काही भाग पाणी-स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला असतो, त्यातून पाइप बदलता येतो. ग्रामसभेत तोंडी बोलू नका. लेखी अर्ज, पोच, आणि एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना.

ओढ्यापलीकडे

सगळ्यांचे आभार. काल लाइन चालत बघितली, बरोबर आमचे जलसुरक्षकही आले. चावीवाले दादांची पोस्ट त्यांना वाचून दाखवली, तेव्हा ते यायला तयार झाले.

खालच्या आळीत शिरताना लाइन गटाराच्या तळातून जाते. वर फरशी, त्यावर एकाचा गोठा. फरशी उचकटली तर जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, काळी पडलेली. पाणी सुटलं तेव्हा तिथून बारीक कारंजं उडत होतं. बंद झाल्यावर थांबून बघितलं, गटारातलं पाणी त्या जागी हळूहळू आत जात होतं, वर तरंगणारा कडबा गोल फिरत होता. शेवटच्या घरी दोनदा तपासलं: सुटल्या सुटल्या कोरं, अर्ध्या तासानं फिकट पिवळं. तुम्ही म्हणालात तसंच.

व्हिडिओ सरपंचांना दाखवला. ते म्हणाले, जोड लगेच बदलू, पण पाइप गटारातून वर काढायचा म्हणजे गोठा हलवायला लागेल आणि गोठा उपसरपंचांच्या भावाचा. तेव्हा पुढचं ग्रामसभेत. रजिस्टरला मात्र आजपासून दोन रकाने झाले, टाकी आणि शेवटचं घर. शेवटच्या घरचं तपासायचं त्याच आळीतल्या दोन बायकांनी अंगावर घेतलंय. किट खरंच कपाटात होतं.

चावीवाला_कोल्हापूर

त्या रकान्यात शून्य लिहिलं तर कुणाला जाब विचारायचा ते पण आत्ताच ठरवून घ्या. नाहीतर जलसुरक्षकालाच विचारतील, आणि महिन्याभरात दोन्ही रकान्यांत ०.५.

ओढ्यापलीकडे

हे घेतलं. ग्रामसभेच्या अर्जात वेगळा मुद्दा टाकतो: शेवटच्या घरी सलग दोन दिवस शून्य आलं तर त्या आळीचं पाणी बंद करून टँकर द्यायचा आणि लाइन तपासायची जबाबदारी ग्रामपंचायतीची.

अनघा_स

ओटीचं द्रावण विषारी म्हणताय, तर घरी तपासायला दुसरं काही मिळतं का? लहान मुलं आहेत.

नमुना_बाटली

डीपीडीच्या गोळ्या मिळतात. नळीत ठरलेलं पाणी, एक गोळी, क्लोरीन असेल तर गुलाबी रंग, तो तक्त्याशी लावून बघायचा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, पोहण्याच्या तलावांना पुरवठा करणाऱ्यांकडेही असतात. गोळी बोटानं धरू नका, वेष्टनातून थेट नळीत टाका. आणि डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी, पण कोरड्या जागी ठेवा. ओल लागली की तीही टीसीएलच्या वाटेनं जाते.